शेऱ्याचा रकाना

तिघंही पुढच्या बाकावर या. भिंतीला टेकून ऐकायचं हे बोलणं नाही. बाकीच्यांनी वह्या मिटा, मोबाइल पिशवीत टाका. आज लिहून घ्यायचं काही नाही.

ही नोंदवही मी काल रात्री हरमलहून उचलून आणली. आठ दिवसांची पानं आहेत आणि अक्षरं तीन: सकाळपाळी, दुपारपाळी, रात्रपाळी. बीपी वेळेवर लिहिलंय, गोळ्या वेळेवर दिल्यात, लघवीचा हिशेब आहे. ऑपरेशनची जखम मी स्वतः पाहिली, स्वच्छ आहे. पाठीवर, टाचांवर एक लाल डाग नाही. तुमच्या हातांना मी नावं ठेवणार नाही. ते हात मीच घडवलेत. माझं भांडण शेवटच्या रकान्याशी आहे. ‘शेरा’ म्हणून जो रकाना आहे, त्यात तुम्ही काय लिहिलंत ते सगळ्या वर्गाला वाचून दाखवते.

‘जेवण नाकारले.’ ‘रात्रभर बडबड, भाषा कळत नाही.’ ‘आंघोळीला होकार दिला, नंतर रडली.’ आणि हे गुरुवारचं: ‘वाढदिवसाला दिलेली फुले फेकायला लावली. पेशंट चिडचिडी आहे, सहकार्य करत नाही.’

८८ वर्षांची बाई. खुब्याचं हाड मोडलेलं. तिची मुलगी वीसेक वर्षं दर हिवाळ्याला हरमलला येते. यंदा आईला एकटं ठेवता येईना म्हणून नेपल्सहून बरोबर घेऊन आली आणि इथे आई न्हाणीघरात पडली. कूस बदलायची तर तुमच्या हाताशिवाय तिला बदलता येत नाही. अशा माणसाने सहकार्य करायचं म्हणजे नेमकं काय करायचं होतं? हे वाक्य लिहायला हात धजला कसा?

फुलांपासूनच सुरू करू. कुठली फुलं नेली होतीस? वर्गाला सांग. मोठ्याने. शेवंती. पिवळी, टपोरी, पेडण्याच्या बाजारातून, स्वतःच्या पैशांनी. शुक्रवारी तुझी सुट्टी, म्हणून वाढदिवसाच्या आदल्या दिवशीच नेलीस. तुझं मन चांगलं होतं हे मी जाणते. चांगल्या मनाची मुलगी विचारपूस न करता वागते तेव्हा मला जास्त राग येतो.

इटलीत शेवंती हे मेलेल्यांचं फूल आहे. २ नोव्हेंबरला तिथे मृतांचा दिवस पाळतात. आठवडाभर आधीपासून फुलवाल्यांची दुकानं शेवंतीच्या कुंड्यांनी भरून जातात आणि घरातली लहानथोर माणसं त्या कुंड्या घेऊन दफनभूमीत जातात. जिवंत माणसाला तिथे कुणी शेवंती देत नाही. आजाऱ्याच्या उशाशी तर नाहीच नाही. आणि वाढदिवसाच्या शुभेच्छा आदल्या दिवशी देणं हाही तिथे अपशकुनच. उद्याचा दिवस माणूस पाहील की नाही, असं म्हटल्यासारखं होतं. आता ती खोली डोळ्यांपुढे आण. अंथरुणाला खिळलेली बाई, उद्या तिला ८८ पुरी होणार, आणि पायांशी एक मुलगी थडग्यावरची फुलं घेऊन हसत उभी.

समज, तुझी आजी अशी पडून आहे आणि कुणी परकं माणूस तोंडभर हसत कोरं पांढरं कापड आणि मडकं तिच्या हातात देतंय. आजी ओरडली तर ‘चिडचिडी’ म्हणशील?

‘मला माहीत नव्हतं बाई’, हेच सांगणार ना? मान्य. शेवंती आपल्याकडे वेणीत माळतात, देवीला वाहतात; तुला कळणार कुठून? फूल माफ केलं. पण फूल बाहेर ठेवायला सांगितल्यावर तू काय केलंस? तोंड फुगवून दारात उभी राहिलीस. तिची मुलगी शेजारच्या खोलीत होती, तिला विचारलं नाहीस. ‘पेर्के’, म्हणजे ‘का’, हा एक शब्द मी पहिल्या आठवड्यात शिकवला होता, तोही उच्चारला नाहीस. थेट वही उघडलीस आणि आपल्या न कळण्याचं खापर तिच्या स्वभावावर फोडलंस. वहीतली ओळ पुढच्या पाळीची माणसं वाचतात. डॉक्टर वाचतात. ‘चिडचिडी’ एकदा लिहिलं की त्यानंतर तिचं प्रत्येक ‘नको’ चिडचिडेपणाच्याच खात्यात जमा होतं. तसंच झालं. आठ दिवस तसंच झालं.

मुळात हे का झालं ते सांगते. तुम्ही आपसात तिला काय म्हणता ते मला ठाऊक आहे. ‘फॉरेनर म्हातारी.’ हरमल, मांद्रे, मोरजी, केरीपर्यंत सगळ्या किनाऱ्यावर हा एकच शब्द रशियन, इस्रायली, इंग्रज, इटालियन सगळ्यांना चिकटवून आपण मोकळे होतो. स्कूटर भाड्याने द्यायला तो पुरत असेल. माणसाचं अंग पुसायला पुरत नाही. फॉरेनरला गाव नसतं, माहेर नसतं, नवस नसतो, अन्नाचा विधिनिषेध नसतो. म्हणून तुम्ही कुणी विचारलंच नाही की ही बाई कुठल्या गावची, कुणाची लेक, काय खाऊन वाढली. तुमच्या वाड्यावर नवी सून आली तर पहिल्या दिवशी विचारता, ‘गाव खंयचो?’ इथे आठ दिवसांत नाही विचारलंत.

आता रात्रपाळी. उभा राहा. ‘रात्रभर बडबड, भाषा कळत नाही.’ तू मोबाइलवर इटालियनचं अ‍ॅप लावून बसला होतास, अ‍ॅपलाही कळेना, मग कानात गाणी घालून बसलास. मी काल रात्री तिच्या उशाशी तासभर बसले. ती एकच वाक्य म्हणत होती, तीन वेळा म्हणाली: ‘तेंगो फ्रिद्दो.’ पुस्तकी इटालियनमध्ये थंडी वाजते म्हणायला ‘ओ फ्रेद्दो’ म्हणतात. ही नेपल्सची बोली. डोक्यावर पंखा पूर्ण वेगात आणि केस संध्याकाळी धुतलेले, मुळाशी अजून दमट. थंडी वाजते, एवढंच सांगत होती. रात्रभर सांगत होती. मी पंखा बंद केला, टॉवेलने केस कोरडे केले, खांद्यावर शाल घातली. दहा मिनिटांत झोपली.

वाऱ्याच्या झोताला इटलीतली म्हातारी माणसं आपल्या घरातल्यांइतकीच भितात. ‘कोल्पो दारिया’ म्हणतात, वाऱ्याचा तडाखा. मान धरली, पोट दुखलं, कान दुखला, सगळं त्यावर ढकलतात. ओल्या केसांनी बाहेर जाऊ देत नाहीत, उन्हाळ्यातसुद्धा छातीला पातळ लोकरी बनियन घालतात. डॉक्टर मानोत न मानोत. तुझी आई तुला काय म्हणते? ‘वारो लागतलो, कान बांद.’ अरे, हे तुला शिकवायला इटलीहून कुणी यायला हवं होतं का?

आणि बोलीचं म्हणशील, तर ऐक. १८६१ साली इटली एक देश झाला, तेव्हा आज आपण जिला इटालियन म्हणतो ती भाषा रोजच्या बोलण्यात वापरणारे मूठभर होते. ती पुस्तकातली, शाळेतली भाषा. घरात ज्याची त्याची बोली: नेपल्सची वेगळी, व्हेनिसची वेगळी, सिसिलीची त्याहून वेगळी. १९५४ साली तिथे टीव्ही सुरू झाला, तेव्हा ती भाषा घराघरांत शिरली. १९६० पासून आल्बेर्तो मान्झी नावाचे शाळामास्तर टीव्हीच्या पडद्यावर उभे राहत आणि मोठ्या माणसांना अक्षरओळख शिकवत. इतक्या लोकांची शाळा हुकली होती. ही बाई १९३७च्या आसपास जन्मलेली. तिची पहिली भाषा नेपल्सची बोली. म्हातारपणी, आजारात, भीतीत नंतर शिकलेली भाषा आधी निसटते आणि पाळण्यातली उरते.

तू पेडण्याचा. शाळा मराठी, देवळातली आरती मराठी, वर्तमानपत्र मराठी, आणि घरात आईशी काय बोलतोस? तुझी पणजी १९६१च्या आधीची, तिने कचेरीचे कागद पोर्तुगीजमध्ये पाहिले. ताप चढल्यावर ती कुठल्या भाषेत पाणी मागेल? ‘उदक’ म्हणेल. ‘मला पाणी द्या’ म्हणणार नाही, आणि कुणी दिल्लीची नर्स तिच्या कागदावर ‘बडबड’ लिहील. तेव्हा कळेल पोटात कसं तुटतं ते.

दुसरी गोष्ट त्याहून गंभीर आहे, म्हणून सगळ्यांनी ऐका. खुब्याच्या ऑपरेशननंतर म्हातारी माणसं भ्रमात बोलू शकतात. लघवीला संसर्ग झाला, अंगातलं पाणी कमी झालं, औषध सोसलं नाही, तरी बोलणं भरकटतं, रात्री जास्त. म्हणजे बडबड ऐकली की दोनच शक्यता होत्या. ती काहीतरी सांगत होती, तर ते समजून घ्यायचं होतं. नाहीतर तिला भ्रम होत होता, तर डॉक्टरांना त्याच रात्री फोन करायचा होता. तू दोन्ही केलं नाहीस. नशीब, पहिलीच शक्यता खरी निघाली. उद्या एखाद्याची अचानक बदललेली वागणूक ‘त्यांच्याकडे असंच असतं’ म्हणून सोडून द्याल तर तेही मी खपवून घेणार नाही. संस्कृतीच्या चादरीखाली आजार झाकायचा नाही.

बस खाली. आता दुपारपाळी. ‘जेवण नाकारले’, असं चार वेळा लिहिलंस. काय वाढलं होतंस ते लिहिलं नाहीस, म्हणून मी स्वयंपाकघरात जाऊन पाहिलं. स्पॅगेटी मोडून तुकडे केलेली, लगदा होईपर्यंत शिजवलेली, वर टोमॅटोचा सॉस, सॉसमध्ये लाल तिखट, त्यावर पाकिटातलं चीज. ‘इटालियन आहेत म्हणून पास्ता केला बाई.’ उद्या तुला ताप येऊन तोंडाची चव गेली आणि कुणी कौतुकाने तेलकट पुरीभाजी पुढे केली, गोव्याची माणसं खातात म्हणून, तर खाशील?

आजारी माणसाला इटलीत काय देतात ते मी शिकवलं होतं. ‘मांज्यारे इन बिआंको’: पांढरं खाणं. साधा भात किंवा बारीक पास्ता, त्यावर कच्चं ऑलिव्ह तेल, चिमूटभर किसलेलं परमेजान, बस. नाहीतर कोंबडीचा किंवा भाज्यांचा निवळ रस्सा, त्याला ‘ब्रोदो’ म्हणतात, त्यात तांदळाच्या दाण्याएवढा पास्ता सोडायचा. तो चमच्याने प्यायचा, गरम. ही त्यांची पेज आहे. उकड्या तांदळाची पेज, वर मिठाचा खडा, बाजूला तोर: आजारी पडल्यावर तुला तेच हवं असतं, कारण आजारात आईने तेच दिलं. तिच्या आईने तिला ब्रोदो दिला. काल रात्री साडेआठला तिच्या मुलीने आणि मी मिळून तो केला. वाडगा दोन्ही हातांनी धरून ती बाई प्याली. हात थरथरत होते, एक थेंब सांडू दिला नाही. आठ दिवस ‘जेवण नाकारले’!

लगदा करण्यामागे तुझा हेतू घास घशात अडकू नये हा असेल तर तेही चुकीच्या ठिकाणी डोकं चालवणं झालं. गिळायला त्रास आहे का, पाणी पिताना ठसका लागतो का, हे पाहायचं असतं, डॉक्टरांना विचारायचं असतं. तिला ठसका लागत नाही, मी पाहिलं. ताठ बसवून भरवत नव्हतीस, तो दोष पास्त्याचा नाही.

पावाचंही सांगते. पोदेराचा अर्धा उंडा उरला तो तू तिच्या देखत कुत्र्याला फेकलास आणि तिने तोंड फिरवलं. ८ सप्टेंबर १९४३ला इटलीने शरणागती जाहीर केली आणि जर्मन सैन्याने देशाचा बराचसा भाग ताब्यात घेतला. त्याच महिन्याच्या अखेरीस नेपल्सच्या लोकांनी चार दिवस रस्त्यारस्त्यांत लढून जर्मनांना शहराबाहेर काढलं. ही बाई तेव्हा सहा वर्षांची. बॉम्बनी पडलेली घरं, पाणी नाही, पुढची दोन वर्षं पीठ मिळायची मारामार. त्या पिढीची माणसं जमिनीवर पडलेला पाव उचलून त्याचं चुंबन घेतात, पाव ताटाशेजारी पालथा ठेवत नाहीत. अन्न हे पूर्णब्रह्म हे वाक्य तुमच्या सगळ्यांच्या घरात भिंतीवर आहे. मग परक्या घरात ते कुठे जातं?

दुपारी मुलगी आईला बोटभर तांबडी वाइन देते, तो पेला तू हातातून काढून घेतलास म्हणे. औषधांचं भान ठेवलंस हे बरोबर. रक्त पातळ करण्याची गोळी चालू असताना विचारलंच पाहिजे. पण विचारायचं डॉक्टरांना, सांगायचं मुलीला, बाजूला नेऊन. ८८ वर्षांच्या बाईच्या हातातला पेला हिसकावायचा नसतो. तिच्या घरात ते दारू पिणं नव्हे, जेवणाचा भाग आहे.

आणि ‘आंघोळीला होकार दिला, नंतर रडली’. ही ओळ वाचून मला रात्री झोप लागली नाही.

कसा दिला होकार? दाखव. हनुवटी वर उचलली, जीभ टाळूला लावून ‘च्’ केलं. आपल्याकडे कुणी हनुवटी उचलली तर ‘बोल’, ‘चालेल’ असं समजतो. नेपल्समध्ये, सिसिलीत डोकं मागे टाकून हनुवटी उचलणं म्हणजे ‘नाही’. साफ नाही. ती नाही म्हणाली, आणि तुम्ही दोघांनी मिळून तिचे कपडे काढले. जेवण होऊन अर्धा तास झालेला. भरल्या पोटी अंगावर पाणी घेतलं तर माणूस आजारी पडतं अशी त्यांची ठाम समजूत आहे, तुमच्या आज्यांचीही आहे. जेवून उठल्यावर न्हायला गेलं की पाठीत धपाटा मिळायचा, आठवतं? तिला धपाटा देता आला नाही. ती रडली.

होकार तोंडाने घ्यायचा. ‘सी’ म्हणजे हो, ‘नो’ म्हणजे नाही. दोन शब्द. मानेवर विसंबायचं नाही, तिच्याही नाही आणि स्वतःच्याही नाही. आपण हो म्हणताना मान डुलवतो ती त्यांना ‘नाही’ किंवा ‘बघू’ अशी दिसते. औषध दिलंस का विचारलं आणि तू मान डुलवलीस तर मुलीला काय कळणार?

मग स्वच्छतेसाठी तुम्ही काय वापरलंत? कागद. कोरडा कागद आणि ओल्या पट्ट्या, कारण फॉरेनर कागदच वापरतात. इटलीत ५ जुलै १९७५च्या सरकारी आदेशाने प्रत्येक घरात किमान एका न्हाणीघरात बिदे असणं बंधनकारक आहे. बिदे म्हणजे कमोडशेजारचं बसून पाण्याने धुण्याचं भांडं. ही बाई जन्मभर पाण्याने धूत आली, तुमच्यासारखीच, आणि पाण्याने धुणाऱ्या आपल्या मुलखात येऊन तिला आठ दिवस कागदाने पुसलं गेलं! कोमट पाण्याचा तांब्या, बेडपॅन, मऊ फडकं. एवढंच हवं होतं. तुम्हाला ते सगळ्यांत आधी सुचायला हवं होतं.

चादर बदलताना उशीखालची एक तसबीर काढून कमोडच्या झाकणावर ठेवली गेली. कुणी ठेवली ते मी विचारत नाही. पाद्रे पिओंची ती. दाढीवाले, तपकिरी झग्यातले कापुचिन साधू, दक्षिण इटलीत ट्रकमध्ये, दुकानात, पाकिटात त्यांचं चित्र असतं; २००२ साली त्यांना संतपद मिळालं. संत कोण हे माहीत नसलं तरी चालेल. पण माणूस उशीखाली ठेवतं ती वस्तू कमोडवर ठेवायची नसते हे समजायला काय लागतं? तुम्ही श्रीभगवतीची तसबीर तिथे ठेवाल? आणि उलटही सांगून ठेवते: इटालियन म्हणजे ख्रिस्ती, चला जुन्या गोव्याला, असंही परस्पर ठरवायचं नाही. बॉम जेझूतली झेवियरची समाधी फ्लॉरेन्सच्या कारागिराने, फोज्जीनीने घडवली, हे खरं आहे आणि कुणाला पाहायचं असेल तर न्या. पण पाद्र्याचं तोंडही न पाहणारे, आयुष्यभर लाल झेंड्याखाली राहिलेले म्हातारे इटलीत कमी नाहीत. विचारा. पुन्हा तेच सांगते, विचारा.

आता तुम्ही तिला हाक कशी मारता? ‘नोन्ना, तू...’ नोन्ना म्हणजे आजी. ती तिच्या नातवंडांची नोन्ना आहे. तुम्हाला तिने तशी परवानगी दिली का? इटालियनमध्ये ‘तू’ म्हणजे तूच, आपल्यासारखाच. त्याच्यावर ‘वोइ’ आहे, तुम्ही. नेपल्सकडची जुनी माणसं वडीलधाऱ्यांना तेच म्हणतात. आणि ‘लेइ’ आहे, आपलं ‘आपण’. आपण घरात आईला, आजीला तू म्हणतो, प्रेमाने म्हणतो. म्हणून काही शाळेच्या हेडमास्तरणीला तू म्हणत नाही. ती ‘सिन्योरा’ आहे. ती स्वतः सांगेपर्यंत सिन्योरा.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. लोम्बार्दीत ९ वर्षं मी हेच काम केलं. पहिलं घर एका निवृत्त शाळामास्तरांचं. मी सहा महिने त्यांना ‘तू’ म्हणत होते, कारण तेवढंच क्रियापद मला येत होतं. कुणी सुधारलं नाही. एकदा त्यांची लेक म्हणाली, बाबांना आईशिवाय कुणी ‘तू’ म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. त्या रात्री मला एकेक आठवत गेलं. मी त्यांचं ढुंगण धूत होते, त्यांना भरवत होते, तू-तू करत होते, आणि ते पहिल्या दिवसापासून मला ‘लेइ’ म्हणत होते. पाणी मागताना, बेडपॅन मागताना, रात्री दोनला हाक मारताना. एकदाही चुकले नव्हते. सकाळी मी त्यांना ‘लेइ’ म्हटलं. त्यांनी काही दाखवलं नाही, फक्त दाढी करून द्या म्हणाले आणि स्वच्छ शर्ट मागितला. तिथून पुढे रोज सकाळी दाढी, शर्ट, गळ्याला रुमाल, मग खिडकीशी. कुणी येणार नसलं तरी. इटलीतलं म्हातारं माणूस विस्कटलेल्या केसांनी दुसऱ्याच्या नजरेस पडायला तयार नसतं. तुम्ही सिन्योराला दुपारी बारापर्यंत रात्रीच्या गाऊनमध्ये ठेवता आणि भेटायला आलेल्यांना थेट आत सोडता. तिचा कंगवा आठ दिवस कपाटात आहे. वापरलेला नाही.

भाषा अवघड आहे हे मी ऐकणार नाही. फिलिप्पो सास्सेत्ती नावाचा फ्लॉरेन्सचा व्यापारी सोळाव्या शतकात इथे आला, १५८८ साली गोव्यातच वारला. त्याने घरी पत्रांतून कळवलं होतं की इथल्या पंडितांच्या भाषेतले काही शब्द आपल्या शब्दांसारखे आहेत. देव म्हणजे दिओ, सर्प म्हणजे सेर्पे, सप्त सेत्ते, अष्ट ओत्तो, नव नोवे. नातं दिसल्यावर त्याने ते लिहून ठेवलं. परका होता, व्यापाराला आला होता, तरी कान उघडे होते. तुम्ही आठ तास तिच्या शेजारी बसता.

तुमच्यातल्या डिचोलीच्या मुलांची घरची स्थिती मला माहीत आहे. २०१८ साली खाणी पुन्हा थांबल्या, दारातला टिपर गंजत उभा राहिला, बापाचं कर्ज फिटलं नाही. म्हणून तुम्ही या कामात आलात आणि इटलीला जायची स्वप्नं बघता. २ नोव्हेंबर २०२३ला रोममध्ये दोन्ही देशांच्या परराष्ट्रमंत्र्यांनी कामगारांच्या ये-जा करण्याच्या करारावर सह्या केल्या, त्याची कात्रणं तुम्ही मला आणून दाखवता. तिथे चार माणसांमागे जवळजवळ एक पासष्टीच्या पुढचा आहे, कामाला तोटा नाही, हेही खरं. घरी राहून म्हाताऱ्यांचं करणाऱ्या बाईला तिथे ‘बादांते’ म्हणतात. लक्ष ठेवणारी. लक्ष ठेवणं जमत नसेल तर व्हिसा घेऊन काय कराल? हरमलच्या एका खोलीत जी नेपल्सची बाई तुम्हाला दिसली नाही, ती नेपल्सला गेल्यावर दिसेल असं मला वाटत नाही.

आणि मी आज जे सांगितलं त्याची यादी करून पाठ करायची नाही. कुणीतरी मघाशी हळूच वही उघडली, ती मिटा. मिलानची बाई तुम्हाला ‘वोइ’ वर हसेल. एखाद्याला शेवंतीचं काहीच वाटणार नाही. एखादा म्हणेल, पंखा लाव, गुदमरतंय. पहिल्या दिवशी मुलीशेजारी बसा आणि विचारा: आईचं गाव कुठलं, घरात काय बोलायच्या, आजारपणात काय खायच्या, हाक कशी मारू, कशाची भीती वाटते, आंघोळ कधी करायच्या, उशीखाली काय असतं. मुलगी फार लुडबुड करते अशी तक्रार तुम्ही केलीत. तिला तुमच्याआधी ठाऊक असलेल्या गोष्टी ती सांगत होती.

नोंदवही घ्या. जुनं काही खोडायचं नाही, पान फाडायचं नाही. प्रत्येक शेऱ्याखाली, त्याच शाईने, खरं काय होतं ते लिहा आणि आपली सही करा. ‘थंडी वाजते म्हणाली, मला समजले नाही.’ ‘नाही म्हणाली, तरी आंघोळ घातली.’ तिघांनीही. मी संध्याकाळी पाहीन.

सकाळपाळी तुझी. सहाची बस चुकवू नकोस. फुलं नेऊ नकोस, काही नेऊ नकोस. दार वाजव, ‘परमेस्सो’ म्हण, आतून आवाज आला की जा. चपला घालूनच आत वावर. अनवाणी पाय लादीवर पाहिले की ती तुझीच काळजी करत बसते, तुला ते कळलं नव्हतं. ओट्यावर कॉफीची मोका आहे, ती नुसत्या पाण्याने विसळ, साबण लावू नकोस. पंखा बंद आहे का बघ. मग कंगवा काढ, आरसा तिच्या हातात दे, आणि भांग कुठून पाडायचा ते सिन्योरांना विचार.